टेबलचे रकाने प्रत्येक ब्राउझरमध्ये वेगळे का दिसतात आणि ते आवरायचे कसे

“दादा, उन्हाळ कांद्याला आज काय धरायचं? अकराशे का साडेसोळाशे?”

नाशिक जिल्ह्यातल्या एका शेतकरी गटाला मी बाजारभावाचं पान करून दिलं होतं. पहिल्याच आठवड्यात हा फोन आला. पानावर साधं टेबल होतं: शेतमाल, आवक, किमान ते कमाल दर, सर्वसाधारण दर आणि शेरा. कांद्याच्या ओळीत मी ‘१,१०० ते १,६५०’ असं लिहिलेलं. माझ्या लॅपटॉपवर, विंडोजमधल्या क्रोमवर, ते एका ओळीत नीट दिसत होतं. फोन करणाऱ्याच्या आयफोनवर मात्र ‘१,१०० ते’ वर आणि ‘१,६५०’ खाली गेलं होतं. खालचा आकडा दुसऱ्या प्रतीच्या कांद्याचा असावा, असा त्याचा समज झाला. त्याचं काही चुकलं नव्हतं, मीही तसंच वाचलं असतं.

पुढच्या दोन संध्याकाळी ‘सफारीतच काहीतरी गडबड आहे’ असं पुटपुटत मी आकड्यांशी झटापट केली. गडबड सफारीत नव्हतीच. रकान्यांची रुंदी किती ते मी ठरवलंच नव्हतं. ते काम ब्राउझरवर सोडलं होतं आणि प्रत्येक ब्राउझरने आपापल्या मापाने ते केलं. तुमचं टेबल निकालाचं असो, वेळापत्रकाचं असो की सोसायटीच्या हिशेबाचं, पुढच्या पायऱ्या त्याच क्रमाने करा. मी उलट्या क्रमाने केल्या, म्हणून दोन संध्याकाळी गेल्या.

एक सूचना आधीच देतो. कोडमधले शब्द इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत. फाइलमध्ये ते नेहमीसारखे रोमन लहान लिपीत टाइप करायचे.

जवळ काय ठेवायचं

- क्रोम आणि फायरफॉक्स, दोन्ही आजच्या आवृत्तीचे.
- सफारी असलेलं एक यंत्र. मॅक नसेल तर घरातल्या कुणाचा तरी आयफोन तासाभरासाठी मागून घ्या.
- एक स्वस्तातला अँड्रॉइड फोन. वाचणारे बहुतेक त्यावरच वाचतात.
- टेबलातला सगळ्यात वाईट मजकूर: सर्वांत लांब नाव, सर्वांत मोठा आकडा, सर्वांत लांब शेरा. ‘अबक’ आणि ‘१२३’ भरून केलेली चाचणी काही कामाची नाही.
- पानाच्या मूळ फाइलची एक प्रत, कारण आपण मोडतोड करणार आहोत.

१. आधी डॉकटाइप बघा

हे दोन मिनिटांचं काम आहे, पण चुकलं तर पुढचं सगळं वाया. पानाची पहिली ओळ डॉकटाइप एचटीएमएल ही हवी. ती नसेल तर ब्राउझर पान नव्वदच्या दशकातलं समजून ‘क्वर्क्स मोड’मध्ये जातो. त्या मोडमध्ये बॉडीला दिलेला फॉन्टचा आकार टेबलात उतरत नाही आणि रकान्यांच्या किमान रुंदीचे काही नियमही बदलतात.

तपासायला एफ-१२ दाबून कन्सोल उघडा आणि डॉक्युमेंट डॉट कॉम्पॅटमोड विचारा (इथे ‘मोड’मधला एम मात्र मोठ्या लिपीत हवा). उत्तर ‘सीएसएस-वन-कॉम्पॅट’ आलं तर ठीक, ‘बॅक-कॉम्पॅट’ आलं तर घोटाळा आहे.

इथला सापळा असा, की फाइलमध्ये डॉकटाइप असूनही उत्तर ‘बॅक-कॉम्पॅट’ येऊ शकतं. सर्व्हरवर पान तयार करणाऱ्या पीएचपीची एखादी वॉर्निंग डॉकटाइपच्या आधी छापली गेली की झालं. फाइल उघडून बसू नका. ब्राउझरमध्ये ‘व्ह्यू पेज सोर्स’ करून प्रत्यक्ष काय पोचलंय ते बघा.

२. ब्राउझर रुंदी कशी वाटतो ते एकदा हाताने करून पाहा

ही पायरी गाळावीशी वाटेल. गाळू नका, खरी गोम इथेच आहे.

तुम्ही काही सांगितलं नाही तर टेबल ‘ऑटो’ पद्धतीने आखलं जातं. ब्राउझर प्रत्येक रकान्याची दोन मापं काढतो. पहिलं किमान माप, म्हणजे त्या रकान्यातला न तुटणारा सगळ्यात लांब शब्द मावायला लागणारी जागा. दुसरं कमाल माप, म्हणजे सगळा मजकूर एका ओळीत मावायला लागणारी जागा. आधी सगळ्यांना किमान दिलं जातं. मग उरलेली जागा ज्याची भूक जास्त, त्याला जास्त, अशी वाटली जाते. भूक म्हणजे कमाल वजा किमान.

वाटणी करून बघू. टेबल ६०० पिक्सेलचं आणि रकाने तीन. शेतमाल: किमान ९०, कमाल २००. दर: किमान ६०, कमाल ८०. शेरा: किमान १५०, कमाल ५२०. किमान मापांची बेरीज ३००, म्हणजे वाटायला ३०० उरले. भूक अनुक्रमे ११०, २० आणि ३७०, एकूण ५००. म्हणजे प्रत्येकाला भुकेच्या साठ टक्के मिळणार. शेतमाल १५६, दर ७२, शेरा ३७२.

दराला ८० हवे होते, मिळाले ७२. आठ पिक्सेलसाठी आकडा दोन ओळींत गेला आणि तिकडे शेऱ्याला ३७२ मिळाले. घरात सगळ्यात कमी मागणाऱ्याच्या ताटातली पोळीच आधी कमी होते, तसंच हे.

आता कुणीतरी शेऱ्यात ४२० पिक्सेल लांबीची एक लिंक चिकटवली असं समजा. लिंकमध्ये तुटायला जागा नाही, म्हणून शेऱ्याचं किमान माप १५० वरून ४२० झालं. आता वाटायला उरले फक्त ३०. निकाल: शेतमाल १०४, दर ६३, शेरा ४३३. शंभर ओळींतल्या एका ओळीत एक लिंक आली आणि वरपासून खालपर्यंत सगळं टेबल चेपलं गेलं.

मग दोन ब्राउझरमध्ये फरक कुठून येतो? एक तर फॉन्टमधून. वरची सगळी मापं मजकुराच्या रुंदीवरून निघतात. फॉन्ट दहा टक्के रुंद झाला की सगळे आकडे हलतात. वरच्याच पहिल्या उदाहरणात दहा टक्के रुंद फॉन्ट घालून बघा. शेऱ्याचा मजकूर वाढूनही त्याच्या वाट्याला ३७२ ऐवजी ३६५ येतात. दराला ८८ हवे असताना ७७ मिळतात.

दुसरं कारण जुनं आहे. टेबल कसं आखायचं ते सांगणारी टेबल-लेआउट ही प्रॉपर्टी १९९८च्या मे महिन्यात सीएसएस २ बरोबर आली (सीएसएस म्हणजे पानाचं रूप ठरवणारी भाषा). पण ऑटो पद्धतीचं नेमकं गणित कसं करायचं, हे तेव्हा सक्तीचं केलं नाही. २०११ साली सीएसएस २.१ पक्कं झालं, त्यातही ते सक्तीचं नव्हतं. ब्राउझरवाल्यांनी एकमेकांचं बघून बरंचसं जुळवून घेतलं, पण एक सेल, म्हणजे टेबलातली एक चौकट, अनेक रकान्यांवर पसरलेला असेल किंवा टक्के आणि पिक्सेल यांची भेळ असेल, तर अजूनही वेगवेगळी उत्तरं निघू शकतात. क्रोमनेही २०२१मध्ये, ९१व्या आवृत्तीत, टेबल आखणारा आपला भाग नव्याने लिहिला. आधी क्रोम रकान्यांची रुंदी पूर्ण पिक्सेलमध्ये घेत असे, त्यानंतर अपूर्णांकही चालू लागले. दोन ब्राउझरमध्ये एखाद्या पिक्सेलचा फरक दिसला तर सोडून द्या. तेवढ्यासाठी जागरण करू नका.

३. दोषी ओळ पकडा

टेबल विचित्र चेपलं असेल तर सरळ दुरुस्तीला लागू नका. आधी कुणामुळे चेपलंय ते शोधा.

सगळ्या टीडी (साधा सेल) आणि टीएच (शीर्षकाचा सेल) यांना एक पिक्सेलची लाल आउटलाइन द्या. बॉर्डर देऊ नका, कारण बॉर्डर स्वतःच जागा खाते आणि तपास बिघडवते. मग प्रतीमधल्या अर्ध्या ओळी काढून टाका. टेबल सुधारलं तर चोर काढलेल्या अर्ध्यात आहे. नाही सुधारलं तर उरलेल्यात. पुन्हा अर्ध्या काढा. दोनशे ओळींचं टेबल असलं तरी सात-आठ खेपांत ओळ सापडते.

मला सापडलेले चोर असे:

- लांब लिंक किंवा ईमेलचा पत्ता. हा नेहमीचा.
- वर्डमधून चिकटवलेला मजकूर. त्यात साध्या स्पेसऐवजी न तुटणारी स्पेस येऊ शकते. डोळ्याला फरक कळत नाही. ‘आवक कमी, दर तेजीत’ हे चार शब्द ब्राउझरला एकच अखंड शब्द वाटतात. सोर्समध्ये एनबीएसपी शोधा आणि साधी स्पेस टाका.
- एक्सेलमधून चिकटवलेलं अख्खं टेबल. प्रत्येक टीडीवर रुंदी चिकटून येते. ६४ किंवा ४८ पॉइंट असे आकडे जागोजागी दिसले तर ती एक्सेलच्या मूळ रकान्याची रुंदी समजा. सगळी पुसा. एकही ठेवू नका.
- सेलमधलं चित्र, ज्याला कमाल रुंदी १०० टक्के दिलेली आहे. रकान्याची रुंदी चित्रावर ठरणार आणि चित्राची रकान्यावर, म्हणजे तू आधी की मी आधी. ऑटो टेबलात त्यावर भरवसा ठेवू नका.

४. रुंदी तुम्ही ठरवा

ऑटो टेबलात टीडीला दिलेली रुंदी ही विनंती असते. मजकुराचं किमान माप मोठं निघालं तर ब्राउझर ती खुशाल बाजूला ठेवतो. ‘मी विड्थ दिलीय तरी ऐकत नाही’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असतं. टीडीला मिन-विड्थ, मॅक्स-विड्थ देऊन भागत असेल तरी त्यावर विसंबू नका. सेलवर त्यांचा काय परिणाम व्हावा हे सीएसएस २.१ने अनिर्णितच ठेवलं होतं.

हुकूम द्यायचा तर दोन गोष्टी एकत्र लागतात: टेबलला टेबल-लेआउट फिक्स्ड आणि त्याच टेबलला स्वतःची विड्थ, उदाहरणार्थ १०० टक्के. नुसतं फिक्स्ड लिहून विड्थ दिली नाही तर ब्राउझर पुन्हा ऑटोवरच जातो. माझी पहिली संध्याकाळ निम्मी यातच गेली.

फिक्स्ड झालं की ब्राउझर मजकूर मोजणं सोडतो. तो आधी कोल टॅगवरची, म्हणजे अख्ख्या रकान्यासाठी असलेल्या टॅगवरची, रुंदी बघतो. ती नसेल तर फक्त पहिल्या ओळीतल्या सेलची. बाकी ओळींना काही विचारत नाही. ज्या रकान्यांना काहीच सांगितलेलं नाही, ते उरलेली जागा सारखी वाटून घेतात.

इथे दोन सापळे आहेत.

पहिला सापळा पहिल्या ओळीचा. आपल्याकडे टेबलाच्या माथ्यावर ‘दि. १२ रोजीचे बाजारभाव’ अशी पूर्ण रुंदीची पट्टी टाकायची सवय आहे. ती पट्टी म्हणजे कोलस्पॅन पाच असलेला, पाच रकान्यांवर पसरलेला एकच सेल. तीच पहिली ओळ ठरते, तिच्यात रकान्यांची वेगळी रुंदी नाही, म्हणून पाचही रकाने एकसारखे होतात. ती पट्टी कॅप्शन टॅगमध्ये टाका किंवा रुंदी कोलवर द्या. मी दोन्ही करतो.

दुसरा सापळा पॅडिंगचा, म्हणजे मजकूर आणि सेलची कड यांच्यातल्या मोकळ्या जागेचा. टीडीवर पिक्सेलमध्ये रुंदी दिली, तर पॅडिंग आणि बॉर्डर सहसा तिच्यावर वेगळे चढतात. १०० दिले, दोन्ही बाजूंना ८ पॅडिंग, की रकाना ११६चा. कोलवर दिलेली रुंदी मात्र पॅडिंगसकट पूर्ण रकान्याची असते. म्हणून रुंदी एकाच ठिकाणी, कोलवर लिहा आणि टीडीवरून काढून टाका. टेबल टॅगच्या लगेच आत कोलग्रुप, त्यात जितके रकाने तितके कोल. कोलला क्लास देऊन विड्थ स्टाइलशीटमध्ये. कोलवर फॉन्ट किंवा मजकुराची बाजू ठरवायला जाऊ नका. रुंदी, पार्श्वभूमी, जोडलेल्या बॉर्डर आणि व्हिजिबिलिटी सोडून कोल दुसरं काही ऐकत नाही.

माझ्या टेबलात आता असं आहे: शेतमाल ९ रेम, आवक साडेपाच रेम, किमान ते कमाल ९ रेम, सर्वसाधारण दर साडेसात रेम. शेऱ्याला काहीच नाही, उरेल ते त्याचं. रेम म्हणजे पानाच्या मूळ अक्षराच्या आकाराच्या पटीत मोजायचं माप. पिक्सेलऐवजी रेम अशासाठी, की वाचणाऱ्याने ब्राउझरमध्ये अक्षरं मोठी केली तर रकानेही त्याबरोबर वाढतात. वयस्क मंडळी अक्षर मोठं करतातच.

टक्क्यांत द्यायचं असेल तर बेरीज नेमकी १०० करा किंवा एक रकाना मोकळा सोडा. बेरीज ११० झाली की कोणत्या रकान्यातून कापायचं, याचा निर्णय पुन्हा ब्राउझरच्या हातात जातो.

आकड्यांच्या सेलना व्हाइट-स्पेस नोरॅप द्या आणि मजकूर उजवीकडे घ्या. ‘₹’ आणि आकडा यांच्यात स्पेस असेल तर रुपया वर आणि आकडा खाली अशी ताटातूट त्याच जागी होते.

५. फॉन्ट बांधून घ्या

ही पायरी इंग्रजी लेखांत सहसा मिळत नाही, आणि मराठी टेबलांचा निम्मा घोळ इथेच असतो.

स्टाइलशीटमध्ये ‘एरियल, सॅन्स-सेरिफ’ लिहिलेलं असतं. एरियलमध्ये देवनागरी नाही. म्हणून ब्राउझर त्या यंत्रावर जो देवनागरी फॉन्ट असेल तो उचलतो. विंडोज ८ पासून पुढे तो निर्मला यूआय असतो, त्याआधीच्या विंडोजवर मंगल. आयफोन आणि मॅकवर कोहिनूर देवनागरी. बऱ्याच अँड्रॉइड फोनवर नोटो सॅन्स देवनागरी. चौघांच्या अक्षरांची रुंदी वेगळी. म्हणजे तुमच्या टेबलाचा कच्चा मालच प्रत्येक यंत्रावर वेगळा आहे.

खात्री करायची तर क्रोमच्या इन्स्पेक्टरमध्ये सेल निवडा, ‘कम्प्युटेड’ टॅब उघडा आणि तळाला जा. प्रत्यक्षात कोणता फॉन्ट वापरला ते तिथे लिहिलेलं असतं. फायरफॉक्समध्ये ‘फॉन्ट्स’ नावाचा स्वतंत्र टॅब आहे.

उपाय म्हणजे स्वतःचा फॉन्ट पानाबरोबर पाठवा. नोटो सॅन्स देवनागरी किंवा एक टाइपचा मुक्ता, दोन्ही खुल्या परवान्याचे आहेत. फॉन्ट-फेस लिहून फाइल आपल्याच सर्व्हरवर ठेवा. टेबलाला लागणारी दोनच वजनं घ्या, साधं आणि ठळक. ठळक विसरलात तर ब्राउझर साध्या अक्षरालाच फुगवून खोटं ठळक करतो, आणि शीर्षकांची रुंदी परत प्रत्येकाकडे वेगळी.

फॉन्ट उशिरा पोचला तर आधी यंत्रावरच्या फॉन्टमध्ये पान दिसतं आणि मग अक्षरं बदलतात. ऑटो टेबल त्या क्षणी सगळे रकाने पुन्हा मोजतं आणि डोळ्यांदेखत हलतं. गावाकडच्या नेटवर हे अगदी स्पष्ट दिसतं. फिक्स्ड टेबलात रकाने जागचे हलत नाहीत, ओळींची उंची थोडी बदलली तर बदलते.

एचटीएमएल टॅगला लँग म्हणून ‘एमआर’ द्यायलाही विसरू नका. नोटोसारख्या फॉन्टमध्ये त्यामुळे मराठी वळणाचे ल आणि श उमटतात. ‘एचआय’ राहिलं असेल तर हिंदी वळणाचे. वाचणाऱ्याला ते खटकतं, आणि अक्षराची रुंदीही किंचित बदलते.

६. लांब शब्दांची सोय करा

फिक्स्डची किंमत इथे मोजावी लागते. रकाना आता वाढणार नाही, म्हणून न मावणारा शब्द शेजारच्या सेलवर चढतो. टीडीला ओव्हरफ्लो-रॅप ब्रेक-वर्ड द्या. जागा कमी पडली तरच शब्द तुटेल, एरवी नाही.

याच प्रॉपर्टीची ‘एनीव्हेअर’ ही किंमतही वाचनात येईल. फरक एवढाच, की ब्रेक-वर्डमुळे रकान्याचं किमान माप बदलत नाही आणि एनीव्हेअरमुळे ते कमी होतं. म्हणून ऑटो टेबलात ब्रेक-वर्ड लिहूनही लिंक तशीच आडवी पसरलेली राहते आणि माणूस डोकं धरून बसतो. एनीव्हेअर सफारीत १५.४ पासून, म्हणजे मार्च २०२२पासून चालतं. आयओएस १२ वर अडकलेल्या जुन्या आयफोनवर ते चालणार नाही. फिक्स्ड केलं असेल तर ब्रेक-वर्डच पुरे, हा फरक तुम्हाला आडवा येत नाही.

वर्ड-ब्रेक ब्रेक-ऑल मात्र मराठी मजकुराला लावू नका. तो शब्दाच्या मध्ये कुठेही तोडतो आणि जोडाक्षरही फुटू शकतं. ‘विद्यार्थी’ शब्दातला ‘विद्’ एका ओळीत आणि ‘यार्थी’ दुसऱ्या ओळीत आलेला मी निकालाच्या एका पानावर पाहिला आहे. लांब शब्द कुठे तुटावा हे तुम्हालाच माहीत असेल, तर त्या जागी डब्ल्यूबीआर टॅग ठेवा.

७. फोनवर रकाना गायब होतो, तो परत आणा

चौथ्या पायरीतले माझे आकडे जोडून बघा. चार रकान्यांचे मिळून ३१ रेम, म्हणजे नेहमीच्या आकाराला, एका रेमला १६ धरून, ४९६ पिक्सेल. फोनची रुंदी ३६० पिक्सेल. टेबल १०० टक्के म्हणून ३६० व्हायला बघतं, पण चार रकान्यांनाच ४९६ हवेत, म्हणून ते ४९६ होतं. शेऱ्याला उरतं शून्य. मजकूर बाहेर सांडतो किंवा रकाना दिसतच नाही. फिक्स्ड केल्यावर ‘शेवटचा कॉलम मोबाइलवर गेला कुठे’ असं विचारणारे याच वळणावर असतात.

टेबलला मिन-विड्थ ४० रेम द्या. मग शेऱ्याला ९ रेम हमखास मिळतात. टेबलाभोवती एक डिव्ह, म्हणजे साधी चौकट, घाला आणि त्याला ओव्हरफ्लो-एक्स ऑटो द्या, म्हणजे टेबल बोटाने आडवं सरकेल आणि बाकीचं पान जागेवर राहील. पान फोनच्या रुंदीत दाखवायला सांगणारा मेटा व्ह्यूपोर्ट टॅग आहे ना, तेही बघा. आणि फोनचा ब्राउझर काही सेलमधली अक्षरं स्वतःहून मोठी करत असेल तर टेक्स्ट-साइज-ॲडजस्ट १०० टक्के करा. सफारीसाठी त्याच्या आधी वेबकिट हा उपसर्ग लागतो.

८. वर चिकटून राहणारं शीर्षक

लांब टेबल खाली सरकवताना शीर्षकाची ओळ वर राहावी, असं सगळ्यांना वाटतं. त्यासाठी टीबॉडीला (शीर्षकाखालच्या ओळींच्या भागाला) डिस्प्ले ब्लॉक करून त्याला स्क्रोल देण्याची एक जुनी युक्ती अजून फिरते आहे. ती करू नका. ब्लॉक केलं की शीर्षक आणि खालचे रकाने यांचं नातं तुटतं. दोघं स्वतंत्र रुंदी मोजतात आणि स्क्रोलबार त्यातून आणखी जागा खातो. विंडोजवर साधारण १५ ते १७ पिक्सेल, मॅकवर तो बहुधा मजकुरावरून तरंगतो म्हणून शून्य. एका ब्राउझरला जुळवलं की दुसऱ्यात हलतं.

टीएचला पोझिशन स्टिकी आणि टॉप शून्य द्या, पार्श्वभूमीला घट्ट रंग द्या. बस. फक्त सातव्या पायरीतल्या सरकणाऱ्या डिव्हच्या आत स्टिकी हे त्या डिव्हला चिकटतं, पानाला नाही. म्हणून डिव्हलाही कमाल उंची द्यावी लागते, म्हणजे उभं सरकणंही त्याच्या आतच होईल.

९. तीन इंजिनांत तपासा

दहा ब्राउझर उघडायची गरज नाही, पान आखणारी मुख्य इंजिनं तीनच आहेत. क्रोम, एज आणि ऑपेरा एका इंजिनावर, फायरफॉक्स दुसऱ्या, सफारी तिसऱ्या. भारतातल्या आयफोनवर क्रोमही आतून सफारीच्याच इंजिनावर चालतो, म्हणून ‘आयफोनवर क्रोममध्ये बघितलं’ याचा अर्थ सफारीच बघितलं. लिनक्स असेल तर ग्नोम वेब हा ब्राउझर वेबकिटवर, म्हणजे सफारीच्याच इंजिनावर चालतो. फॉन्ट मॅकचे नसतील, पण रकान्यांचा अंदाज येतो.

प्रत्येक ठिकाणी खिडकी हळूहळू अरुंद करत न्या आणि आकडे कुठे तुटतात ते बघा. फायरफॉक्समध्ये फक्त अक्षरं मोठी करायची सोय आहे, ती लावून दोनदा मोठं करा. पिक्सेलमध्ये विसरून राहिलेली एखादी रुंदी तिथे लगेच उघडी पडते.

१०. छपाई आणि मेल

छपाईच्या स्टाइलमध्ये त्या सरकणाऱ्या डिव्हचा ओव्हरफ्लो व्हिजिबल करा, मिन-विड्थ काढा. नाहीतर कागदावर उजवीकडचे रकाने कापले जातात आणि कागदाला बोटाने सरकवता येत नाही. शीर्षकाची ओळ टीहेडमध्ये (शीर्षकाच्या भागाचा टॅग) असेल तर ती सहसा प्रत्येक पानावर आपोआप येते.

हेच टेबल मेलने पाठवायचं असेल तर वरचं बरंचसं विसरा. विंडोजवरचं जुनं आउटलुक २००७च्या आवृत्तीपासून मेल दाखवायला वर्डचं इंजिन वापरतं, आणि ते कमाल-किमान रुंदीला फारसं जुमानत नाही. तिथे टेबलला ६०० पिक्सेलच्या आसपास ठाम रुंदी आणि पहिल्या ओळीतल्या प्रत्येक टीडीवर जुन्या पद्धतीचं विड्थ ॲट्रिब्यूट, पिक्सेलमध्ये. इतक्या वेळ टीडीवर रुंदी लिहू नका म्हणून मीच सांगत होतो. मेलमध्ये तिथेच लिहा. आमच्या गटाच्या मेलमध्ये मी शेऱ्याचा रकाना काढूनच टाकला. चार रकाने नीट मावतात, आणि शेरा टेबलाखाली एका ओळीत लिहितो.